शोकेसला जायचंय? मग आधी थांबणारा पैसा शोधा

शोकेसला (म्हणजे फेस्टिवल-थिएटरवाले पुढच्या कार्यक्रमांसाठी बँड बघायला येतात तो छोटा शो) सिलेक्ट झाल्याचं मेल आलं की पहिली पाच मिनिटं काय होतं ते सगळ्यांना माहितीये, ग्रुपवर नुसता धुरळा, ड्रमर बॅग भरायलाच घेतो, आणि सहाव्या मिनिटाला कोणीतरी हळूच विचारतं, 'तिकिटांचं काय?' आमच्या बँडचे हिशेब मी बघते त्यामुळे हा प्रश्न दर वेळी माझ्याच गळ्यात येतो. पहिल्या वेळी आम्ही त्याचं उत्तर क्रेडिट कार्डने दिलं. शो झकास झाला, लोक भेटले, परत आलो. आणि त्या ट्रिपमधून मिळालेलं पहिलं मानधन खात्यात पडलं तेव्हा सोळा महिने उलटले होते. कार्डाचं व्याज काही सोळा महिने थांबलं नाही, ते दर महिन्याला इमानेइतबारे येत राहिलं, आणि शेवटी मानधनातला मोठा तुकडा तिकडेच गेला.

यात कोणी फसवलं वगैरे नाही हं. हा धंदाच तसा चालतो. फेस्टिवलवाले सहा महिने ते वर्षभर आधी बुकिंग करतात, थिएटर आणि आर्ट्स सेंटरवाले तर कधीकधी दीड वर्ष आधी. म्हणजे आज तुम्हाला बघून कोणी खूश झालं तरी त्याच्याकडची मोकळी तारीख पुढच्या नाहीतर त्याच्याही पुढच्या सीझनची. म्हणून शोकेससाठी पैसा शोधताना मी आता एकच गोष्ट बघते, हा पैसा दीड वर्ष थांबू शकतो का. थांबू शकत असेल तर घ्यायचा, नसेल तर कितीही सहज मिळत असला तरी नको. खालचं सगळं याच मापाने वाचा.

शोकेस म्हणजे गिग नव्हे

साध्या गिगला, म्हणजे नेहमीच्या कार्यक्रमाला, समोरचा माणूस मजा करायला आलेला असतो. शोकेसला समोरचे बरेच जण ड्यूटीवर असतात. गळ्यात पास, हातात फोन, एका संध्याकाळी सात-आठ बँड बघायचे आहेत, दोन गाणी ऐकली की पुढच्या हॉलकडे पळायचंय. सेट वीस मिनिटांचा नाहीतर अर्ध्या तासाचा, फार तर पाऊण तास. आणि मानधन बहुतेक ठिकाणी नाहीच किंवा नावापुरतं. ऑस्टिनला १९८७ पासून होणाऱ्या साउथ बाय साउथवेस्टचंच घ्या, एवढं मोठं नाव, पण कित्येक वर्षं तिथे सोलो आर्टिस्टला १०० डॉलर आणि अख्ख्या बँडला २५० डॉलर मिळायचे, आणि बाहेरच्या देशातून आलेल्यांना पैसे नाहीच, फक्त फेस्टिवलला आत सोडणारा रिस्टबँड. म्युझिशियन लोकांच्या युनियनने आवाज उठवल्यावर २०२४ साली ते १५० आणि ३५० झाले. अर्ज करायची फी वेगळी, ती सिलेक्ट नाही झालात तरी गेलीच.

तेव्हा 'वाजवून खर्च निघेल' हे डोक्यातून काढून टाका. तुम्ही तिथे वाजवायला जात नाही, भेटायला जाताय, वाजवणं हे त्या भेटीतलं सगळ्यात मोठं निमित्त. हे एकदा पटलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे ते बऱ्यापैकी आपोआप कळतं.

कुठे जायचं, आणि कुठे अजिबात नाही

मोठं नाव बघून अर्ज करू नका, तिथे कोण येतं ते बघून करा. मातीतलं, लोकसंगीताच्या अंगाचं काही करत असाल तर वोमेक्स, १९९४ ला बर्लिनमध्ये सुरू झालेलं, ऑक्टोबरच्या आसपास असतं, शहर बदलत राहतं. जाझ असेल तर एप्रिलमध्ये ब्रेमेनचं जाझअहेड. इंडी, पॉप, इलेक्ट्रॉनिकवाल्यांसाठी मे महिन्यात ब्रायटनचं द ग्रेट एस्केप आणि सप्टेंबरमध्ये हॅम्बुर्गचं रेपरबान, दोन्ही २००६ पासून चालू. जानेवारीत ग्रोनिंगेनला युरोसॉनिक होतं, तिथे युरोपभरच्या फेस्टिवलांचे बुकर (कोणाला बोलवायचं ते ठरवणारे) झुंडीने येतात, पण त्यांचा सगळा भर युरोपातल्या कलाकारांवर. ऑस्ट्रेलियाकडे बघायचं असेल तर ब्रिस्बेनचं बिगसाउंड. आणि अकूस्टिक, गाणं लिहिणारी-गाणारी मंडळी असाल तर उत्तर अमेरिकेतलं फोक अलायन्स, जिथे रात्री उशिरा हॉटेलच्या खोल्यांतले पलंग बाजूला सारून तिथेच छोट्या मैफिली चालतात, माइक नाही, स्पीकर नाही, ऐकणारा तुमच्यापासून दोन हातांवर. तिथे दहा लोकांपुढे वाजवलेलं कधीकधी मोठ्या स्टेजपेक्षा कामाला येतं कारण त्या दहातले चार जण बुकिंग करणारे असू शकतात.

निवडायची साधी पद्धत सांगते. गेल्या दोन वर्षांत तिथे वाजवलेले, तुमच्याच साइजचे पाच बँड शोधा, लाखो फॉलोअरवाले नकोत. आता त्यांच्या पेजवर जाऊन शोकेसनंतरच्या वर्षाच्या गिग्ज बघा. नवीन देश, नवीन फेस्टिवल दिसतायत का? पाचातल्या तिघांच्या बाबतीत काहीच हललं नसेल तर ते ठिकाण तुमच्यासाठी नाही. मग त्यातल्या दोघांना सरळ मेसेज टाका आणि विचारा की भेटी झाल्या का, साउंड कसा होता, कोणत्या दिवशी कोणता स्लॉट होता. म्युझिशियन लोक या बाबतीत भरभरून बोलतात, विचारा तर.

आणि हो, नकली शोकेस. अर्जासाठी थोडी फी असणं हे नेहमीचंच. पण सिलेक्ट झाल्यावर स्लॉटचे पैसे मागतात, किंवा 'इतकी तिकिटं विकून द्या' म्हणतात, किंवा येणाऱ्या डेलिगेटची (पास घेऊन येणाऱ्या इंडस्ट्रीतल्या लोकांची) यादी विचारली की 'इंडस्ट्रीतले टॉपचे लोक' एवढंच गुळमुळीत उत्तर येतं, तिथून पळा. खऱ्या शोकेसला कोण येतं हे सांगायला आयोजकाला अभिमान वाटतो, लपवावं नाही लागत.

शून्याचा हिशेब

बजेटची शीट उघडा आणि कमाईच्या रकान्यात सगळीकडे शून्य घाला. हो, सगळीकडे. मग खर्च लिहा: प्रवास, राहणं, व्हिसा, वाद्यांचं जादा बॅगेज, इन्शुरन्स, तिथली ये-जा, रोजचं खाणं, साउंड इंजिनिअर नेत असाल तर त्याचे पैसे, बँडमधल्या वाजवायला नसलेल्या माणसाचा डेलिगेट पास (याच्यावर पुढे बोलते), आणि या सगळ्याच्या वर दहा-पंधरा टक्के 'काहीतरी होणारच' म्हणून. शेवटी आणखी एक ओळ, जी जवळजवळ कोणीच लिहीत नाही: परत आल्यानंतरचे सहा महिने. नवीन लाइव्ह व्हिडिओ, एखाद्या बुकरला भेटायला पुन्हा प्रवास, बोलणी करण्यात जाणारा वेळ. आमच्या पहिल्या ट्रिपला ही ओळ नव्हती, त्यामुळे परत आलो तेव्हा खिसा रिकामा, आणि जेव्हा फॉलो-अप करायचा तेव्हा मी दुसऱ्यांच्या गिग्ज घेत फिरत होते.

आता एकूण आकडा बघा आणि स्वतःला विचारा, यातला एकही पैसा परत आला नाही तर पुढच्या वर्षी बँड उभा राहील का? नाही असं उत्तर आलं तर माणसं कमी करा, दिवस कमी करा, नाहीतर जवळचं छोटं शोकेस धरा. फक्त एक गोष्ट सांभाळा, पाच जणांचा बँड विकायचा असेल तर खर्च वाचवायला दोघांना पाठवू नका. बुकर जे बघतो तेच विकत घेतो. दोघांचा सेट आवडला तर तो दोघांनाच बोलावणार, आणि मग घरी राहिलेल्या तिघांना ते सांगताना तुमची जी पंचाईत होईल ती होईल.

पैसा कुठून, कोणत्या क्रमाने

सगळ्यात आधी ग्रँट, कारण ग्रँट हा सगळ्यात जास्त थांबणारा पैसा आहे, तो परतच मागत नाहीत. बऱ्याच देशांत संगीत बाहेर पाठवण्यासाठीच वेगळी ऑफिसं आहेत. ब्रिटनमध्ये पीआरएस फाउंडेशनचा इंटरनॅशनल शोकेस फंड, कॅनडात १९८२ पासूनचं फॅक्टर, न्यूझीलंडच्या म्युझिक कमिशनचं आउटवर्ड साउंड, जर्मनीत इनिशिएटिव्ह म्युझिक, तसंच म्युझिक फिनलंड, म्युझिक नॉर्वे, साउंड्स ऑस्ट्रेलिया. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आणि दर वर्षी बदलतात, पण दोन गोष्टी जवळपास सगळीकडे सारख्या. एक, आमंत्रण हातात असल्याशिवाय दारात उभं करत नाहीत. दोन, आधीच करून टाकलेल्या खर्चाला पैसे देत नाहीत. म्हणजे आमंत्रण आल्यावर उत्साहात त्याच रात्री तिकिटं काढलीत की तो खर्च ग्रँटच्या बाहेर गेलाच म्हणून समजा. नियम वाचल्याशिवाय काहीही बुक करायचं नाही, तिकीट थोडं महाग पडलं तरी चालेल.

तुमच्या देशात असं ऑफिस नसेल तर उलट बाजूने विचार करा, तुम्ही जिथे जाताय त्या देशाला तुमच्यात रस आहे का. गोएथे इन्स्टिट्यूट, ब्रिटिश कौन्सिल, अलियान्स फ्रान्सेज यांसारख्या संस्था अनेक देशांत आहेत आणि कधीकधी अशा देवाणघेवाणीला हात देतात. तुमच्या सरकारच्या सांस्कृतिक खात्याकडे कलाकारांच्या परदेश प्रवासासाठी काही योजना आहे का तेही विचारा, या योजनांचा गाजावाजा होत नाही म्हणून अर्जही कमी येतात.

अर्ज लिहिताना लोक काय चूक करतात सांगू? स्वतःच्या संगीताबद्दल पानभर लिहितात. 'आमचं संगीत सीमा ओलांडतं, मनं जोडतं.' छान आहे, पण पैसे देणाऱ्याला ते मोजता येत नाही. आमचा पहिला अर्ज असाच होता, गेला कचऱ्यात. दुसऱ्यात आम्ही लिहिलं, 'या शोकेसला येणाऱ्या यादीतले अकरा फेस्टिवल आमच्या प्रकारचं संगीत घेतात. त्यातल्या सहा जणांना आम्ही आधीच लिहिलंय, तिघांनी येतो म्हणून कळवलंय, त्यांची मेल जोडली आहेत. पुढच्या अठरा महिन्यांत यातून निदान तीन बुकिंग करायचा आमचा प्रयत्न आहे.' तीच गाणी, तोच बँड, पण पैसे मंजूर. ग्रँट देणारा गाण्याला पैसे देत नाही, पुढे काय होणार याला देतो.

अजून एक मेख. बऱ्याच ग्रँटमध्ये पूर्ण खर्च मिळत नाही, काही भाग तुम्हाला घालावा लागतो, आणि शेवटचा हप्ता रिपोर्ट आणि पावत्या दिल्यावर येतो. म्हणून मंजुरीचं पत्र आलं की लगेच विचारा, किती आधी, किती नंतर. कार्ड किंवा उधारी मी फक्त या एका ठिकाणी चालवून घेते, लेखी मंजूर झालेला पण अजून न आलेला हप्ता भरून काढायला. तोंडी 'होईल हो' वर नाही.

दुसरा नंबर, तुमचे ऐकणारे. क्राउडफंडिंग म्हटलं की काही जणांना भीक मागितल्यासारखं वाटतं, तसं काही नाही, फक्त विकायची वस्तू नीट निवडा. 'आम्हाला परदेशी जायला मदत करा' यापेक्षा 'शोकेसच्या सेटचं लाइव्ह रेकॉर्डिंग आधीच विकत घ्या' हे केव्हाही बरं. एक काळजी घ्या, जी वस्तू द्यायचं कबूल करताय ती ट्रिप रद्द झाली तरी देता आली पाहिजे. २०२० मध्ये साउथ बाय साउथवेस्ट सुरू व्हायच्या आठवडाभर आधी रद्द झालं, लोकांची तिकिटं काढून झालेली. म्हणून आम्ही सेटचं रेकॉर्डिंग निघण्याआधी प्रॅक्टिस रूममध्येच करून ठेवतो. प्लॅटफॉर्मचा हिशेबही बघा. किकस्टार्टर टार्गेट पूर्ण झालं तरच पैसे देतं आणि स्वतःचे पाच टक्के कापतं, पेमेंटचे वेगळे. बँडकॅम्प डिजिटलवर साधारण पंधरा आणि मर्चवर (टी-शर्ट वगैरे) दहा टक्के घेतं. आणि गोळा झालेला पैसा प्लॅटफॉर्मवर पडून राहू देऊ नका, प्लेजम्युझिक २०१९ ला बुडालं तेव्हा कितीतरी कलाकारांचे फॅन्सनी दिलेले पैसे त्यातच अडकले.

तिसरं, निघण्याआधीचा शो. घरच्या प्रेक्षकांसमोर तोच शोकेसचा सेट, तेवढ्याच मिनिटांचा, घड्याळ लावून, आणि त्यानंतर तुमचा नेहमीचा मोठा सेट. पैसेही येतात आणि रंगीत तालीमही होते. याला मी सगळ्यात कमी डोकेदुखीचा पैसा म्हणेन.

स्पॉन्सरकडून रोख रक्कम मागण्यात वेळ घालवू नका, छोट्या बँडला सहसा मिळत नाही. वस्तू किंवा सेवा मागा, तारांचे सेट, केस, मर्चची छपाई, व्हिडिओचं शूटिंग. जे बजेटमध्ये खर्च म्हणून लिहिलंय तेवढंच मागा, नाहीतर फुकट मिळालं म्हणून नको त्या वस्तूंचा ढीग होतो.

लेबलचा (रेकॉर्ड कंपनीचा) टूर सपोर्ट, म्हणजे दौऱ्यासाठी पैसे, मिळत असेल तर कागद नीट वाचा. ते बहुतेक वेळा बक्षीस नसतं, तुमच्या पुढच्या रॉयल्टीतून वळतं करून घेतात. वाईट नाही, व्याज नसतं, थांबतोही, पण कशातून वळतं करणार ते विचारा, फक्त त्या रेकॉर्डच्या विक्रीतून की पब्लिशिंग (गाणं लिहिल्याच्या हक्काचे पैसे) आणि लाइव्हच्या पैशातूनही? दुसरं असेल तर मी तरी सही करणार नाही.

राहिल्या शोकेसच्या आजूबाजूच्या गिग्ज. आयडिया चांगली, एवढ्या लांब गेलोच आहोत तर तीन-चार ठिकाणी वाजवून येऊ. पण आधी दोन गोष्टी तपासा. शोकेसच्या करारात त्या शहरात किंवा त्या भागात अमुक दिवस दुसरीकडे वाजवायचं नाही असं कलम आहे का. आणि दुसरी गोष्ट व्हिसा, ज्यासाठी वेगळं लिहावंच लागेल.

कागदपत्रं, म्हणजे जिथे ट्रिप मोडते

२०१७ च्या मार्चमध्ये एका इटालियन बँडला सिॲटलच्या विमानतळावरूनच परत पाठवलं, साउथ बाय साउथवेस्टसह काही ठिकाणी वाजवायला आले होते, प्रमोशनसाठी, बिनपैशाचं, असं त्यांचं म्हणणं, पण अधिकाऱ्यांना ते पटलं नाही. अमेरिकेत पैसे घेऊन वाजवायचं तर पी किंवा ओ व्हिसा लागतो, आणि पीच्या अर्जाची फी एप्रिल २०२४ मध्ये ४६० डॉलरवरून बहुतेकांसाठी १,६१५ वर गेली, छोट्या संस्थांना कमी आहे. म्हणजे 'वाटेत एक पेड गिग करू' या एका वाक्याने तुमचं सगळं बजेट बदलू शकतं. इतर देशांचे नियम वेगळे, म्हणून आयोजकाकडून आमंत्रण पत्र मागतानाच विचारा की तुमच्यासारखे बाहेरून आलेले कलाकार कोणत्या व्हिसावर येतात, आणि मग त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर पडताळा. फेसबुक ग्रुपमधल्या 'आम्ही टूरिस्टवर गेलो, काही नाही झालं' वर जाऊ नका.

वाद्यांसाठी कार्नेट, म्हणजे कस्टमला दाखवायचा सामानाचा कागद. ज्या देशांत एटीए कार्नेट चालतं तिथे वाद्यं आणि सामान तात्पुरतं आत नेता येतं, कस्टम ड्यूटी न भरता, एक वर्षापर्यंत, फक्त अनामत किंवा हमी द्यावी लागते. यादीत प्रत्येक वस्तू सीरियल नंबरसकट लिहायची आणि जाताना आणि परत येताना प्रत्येक नाक्यावर शिक्का मारून घ्यायचाच, एक शिक्का राहिला तर नंतर ड्यूटीचं बिल येऊ शकतं. जुन्या वाद्यांत हस्तिदंत, कासवाचं कवच, काही जातींचं लाकूड असेल तर ते आधी तपासा, संरक्षित प्राणी-झाडांच्या नियमांत अडकू शकतं. रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ पासून बरीच सूट मिळालीये, पण ब्राझिलियन रोझवूडला नाही.

जायच्या आधीचे दोन महिने

खरं शोकेस इथे होतं. डेलिगेटची यादी सहसा रजिस्टर केल्यावर बघायला मिळते. शेकडो नावं असतात, सगळ्यांना एकच मेल पाठवायचा मोह होतो, नका करू. चाळून तीसेक नावं काढा, ज्यांच्या मागच्या कार्यक्रमांत तुमच्यासारखं काही आहे. मग एकेकाला वेगळं लिहा, छोटं. मी असं लिहिते:

'नमस्कार, गेल्या वर्षी तुमच्या फेस्टिवलमध्ये तुम्ही बासरी आणि इलेक्ट्रॉनिकचा सेट घेतला होता, तो ऐकला. आम्ही चौघं त्याच अंगाचं वाजवतो, फक्त जास्त जोरात. शुक्रवारी रात्री ९.२० ला दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या हॉलमध्ये आमचा तीस मिनिटांचा सेट आहे. तीन मिनिटांचा लाइव्ह व्हिडिओ खाली दिलाय. शनिवारी सकाळी दहा मिनिटं भेटता येईल का?'

एवढंच. अॅटॅचमेंट नाही, बँडचा इतिहास नाही. लाइव्ह व्हिडिओ मात्र खरा लाइव्ह हवा, एका टेकमधला, स्टुडिओतलं गाणं वर चिकटवलेला नको, बुकरला पाच सेकंदांत कळतं.

आता तो डेलिगेट पास. बँडमधला एक माणूस असा ठेवा की ज्याचं काम फक्त भेटणं. वाजवणारा शोच्या दिवशी दिवसभर साउंड, केबल, घसा यातच असतो, त्याच्याकडून मीटिंग होत नाहीत. आमच्याकडे हे काम गिटारिस्टच्या बहिणीने केलं, तिला संगीतातलं फार कळत नाही पण तिला माणसांची नावं लक्षात राहतात, आणि ते जास्त उपयोगी निघालं.

स्टेजवरची तीस मिनिटं

साउंडचेक मिळणार नाही असंच धरून चाला. लाइन चेक मिळतो (प्रत्येक माइक-केबलमधून आवाज येतोय ना, एवढंच बघणं), आधीचा बँड उतरल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत सगळं लावून सुरू. म्हणून इनपुट लिस्ट (मिक्सरला काय काय जोडायचं) आणि स्टेज प्लॉट (कोण कुठे उभं) छोटा करा, बारा चॅनल पुरत असतील तर वीस मागू नका. बॅकलाइन (स्टेजवरचे ड्रम, अँप) सगळ्यांची एकच असते, ड्रमरने स्नेअर, सिंबल आणि किक पेडल स्वतःचं न्यायचं. आमच्या एका शोला लॅपटॉपच्या आउटपुटमधून चार्जर लावला की 'घूंऽऽऽ' असा आवाज यायला लागला, लाइन चेकची सहा मिनिटं त्यातच गेली, शेवटी चार्जर काढून बॅटरीवर वाजवलं. तेव्हापासून आयसोलेशनवाला डीआय (असली घूं तोडणारा छोटा डबा) आणि त्याच्या दोन केबल माझ्या पाठपिशवीत कायमच्या आहेत.

सेट लावताना 'हळूहळू चढत जाऊ' विसरा. सगळ्यात चांगलं गाणं पहिलं किंवा दुसरं. दाराजवळ उभा असलेला माणूस तिसऱ्यापर्यंत थांबेलच असं नाही. बँडचं नाव दोनदा घ्या, एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी, कारण मधेच आलेल्याला तुम्ही कोण तेच माहीत नसतं. गाण्यांच्या मधलं ट्यूनिंग शांतपणे करू नका, दुसरं वाद्य चालू ठेवा, शांतता झाली की लोक फोन बघतात आणि फोन बघितला की पुढच्या हॉलची वेळ दिसते.

त्याच शोला एक बाई खांबाला टेकून उभ्या होत्या, गळ्यात पास, हातात छोटी वही. दुसरं गाणं संपलं आणि गेल्या. आमचा गायक ते बघून तिसऱ्या गाण्यात एक कडवंच विसरला. नंतर बॅकस्टेजला सगळे तोंड पाडून बसले.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बाईंना मेल टाकलं, नाव गिटारिस्टच्या बहिणीने पासवरून वाचून ठेवलं होतं. 'काल तुम्ही दोन गाणी ऐकलीत, तिसरं राहिलं, ते इथे आहे.' चार दिवसांनी उत्तर आलं, तीन ओळींचं: गाणं आवडलं, आम्ही चौदा महिने आधी बुक करतो, वर्षाच्या शेवटी पुन्हा लिहा. लिहिलं. तेच ते सोळा महिन्यांनी आलेलं मानधन.

म्हणून फॉलो-अप शीटमध्ये सगळ्यात महत्त्वाचा रकाना 'परत कधी लिहायचं' हा आहे. नाव, कुठे भेटलो, काय बोललो (जितकं बारीक तितकं चांगलं, 'कुत्र्याचं ऑपरेशन झालंय' हेही लिहा), त्यांचं बुकिंग कधी होतं, आणि पुढची तारीख. पहिलं मेल तीन दिवसांच्या आत. दुसरं महिन्याभराने. तिसरं तेव्हाच, जेव्हा सांगायला काहीतरी नवीन असेल, नवीन गाणं, नवीन व्हिडिओ, त्यांच्या शेजारच्या शहरातली कन्फर्म तारीख. यातलं शेवटचं सगळ्यात चालतं, कारण तुम्ही आधीच जवळ येताय म्हटल्यावर प्रवासाचा खर्च वाटून जातो आणि बुकरला 'हो' म्हणणं सोपं होतं. नुसतं 'आठवण करून देतोय' असलं मेल पाठवू नका.

आणि लोक जे हमखास विसरतात ते, सेटलिस्ट तुमच्या रॉयल्टी सोसायटीला (गाण्यांच्या हक्काचे पैसे गोळा करून देणारी संस्था) कळवा. शोकेसला मानधन नसलं तरी त्या जागेने किंवा आयोजकाने परफॉर्मन्सचं लायसन्स घेतलेलं असेल तर तुमच्या स्वतःच्या गाण्यांचे पैसे तुम्हाला येऊ शकतात, एका देशाच्या सोसायटीकडून दुसऱ्या देशाच्या सोसायटीकडे वळसे घेत, त्यामुळे वर्ष लागलं तरी आश्चर्य नको. तारीख, जागा, गाण्यांची नावं, मिनिटं, त्याच रात्री फोनमध्ये लिहून ठेवा. ग्रँटचा रिपोर्टही महिन्याभरात देऊन टाका, पावत्यांचे फोटो ट्रिपवरच काढत जा, नंतर थर्मल कागदावरची अक्षरं उडतात आणि मग आपणच बसतो अंदाजे आकडे आठवत.

आमच्या त्या दुसऱ्या, ग्रँटवाल्या ट्रिपची शीट मी परवा उघडली होती. एकतीस नावं. नऊ जणांनी उत्तर दिलं, चार बुकिंग झाली, त्यातल्या एकाने आम्हाला लगेच पुढच्या वर्षासाठीही विचारलं. पाचवा एक जण गेले दोन सीझन 'पुढच्या वेळी नक्की बघू' म्हणतोय, त्याच्या रकान्यात मी नोव्हेंबरची तारीख घातलीये.